आधी अर्थिंग, मग ग्राफिक कार्ड

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पोऱ्या बारावी झालाय, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं म्हणतोय, ७० हजारांचा गेमिंग पीसी मागतोय आणि कारण सांगतोय की कोडिंगला लागतो. तुम्ही चोपड्याकडं गावात राहता, घर जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, वर पत्र्याची एक खोली काढलीय, पीसी त्या खोलीत बसणार. तुम्हाला विचारायचंय की ग्राफिक कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा वेगळा भाग, कोणतं घ्यावं, आणि शेवटी हळूच टाकलंय की पोऱ्या आपल्याला गंडवून तर नाही राहिला ना.

मला वाटतं खरा प्रश्न तो शेवटचाच आहे, म्हणून आधी त्याचं सांगून टाकतो. हो, थोडं गंडवून राहिलाय. फर्स्ट इयरला सी, पायथन, थोडं वेब, एखादं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, याला ग्राफिक कार्ड लागत नाही. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असली की बास. पुढं अँड्रॉइड ॲप बनवायला घेतलं तरी त्याला रॅम लागते, कार्ड नाही. मशिन लर्निंगला कार्ड लागतं हे खरं, पण शिकायच्या टप्प्यावर गूगल कोलॅबवर फुकटात काम भागतं. म्हणजे कार्ड गेमसाठीच हवंय. पण म्हणून पोरगं वाया गेलं असं काही नाही. मी स्वतः माझ्या वडलांना "टायपिंग शिकायला जातो" सांगून सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक १.६ खेळायचो, आणि आयपी ॲड्रेस म्हणजे काय, ड्रायव्हर कसा टाकायचा, दोन मशिन केबलनं कशा जोडायच्या हे सगळं त्या नादातच शिकलो, कारण लॅन चालली नाही तर गेम होणार नाही, मग शिकावंच लागतं. आज जळगावात रिपेअरिंगचं दुकान आहे ते त्या टायपिंगवरच. तर त्याला समोर बसवा आणि सरळ म्हणा, बाबा खेळायला पाहिजे तर खेळायला पाहिजे सांग, त्यातही हिशोब करता येतो. खोट्या कारणावर घेतलेल्या मशिनवर घरात रोज भांडण होतं, हे मी लई घरांत बघितलंय.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट. ॲडमिशन कुठं होणार? कॅप राउंड (सरकारी प्रवेशाच्या फेऱ्या) पूर्ण होऊन कॉलेज हातात येत नाही तोवर एक रुपया खर्च करू नका. पुणे-नाशिकला होस्टेलवर गेला तर डेस्कटॉप घरी धूळ खाईल, मग लॅपटॉपच घ्या. शिरपूर, धुळे, जळगाव असं येऊन-जाऊन करणार असेल, तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, जास्त वर्षं टिकतो, एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपचा एकच मोठा फायदा, त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. गेमिंग लॅपटॉप मात्र पत्र्याच्या खोलीत अजिबात नको. बोटभर जागेत एवढी गरमी कोंडलेली असते की मे महिन्यात कीबोर्डवर हात ठेववत नाही. पुढचं सगळं डेस्कटॉप धरून लिहितोय.

पोऱ्यानं यूट्यूबवर रिव्ह्यू बघूनच यादी केली असणार. रिव्ह्यूत सांगतात, गेम खेळताना प्रोसेसर ७६ डिग्रीला राहिला, एकदम मस्त. पण त्यांची टेस्टिंग एसीच्या खोलीत होते, २२-२३ डिग्रीला. हीटसिंक (चिपवरचा पात्यांचा धातूचा ठोकळा) आणि पंखा काही थंडी तयार करत नाहीत, खोलीतल्या हवेपेक्षा चिप किती वर राहील एवढंच त्यांच्या हातात असतं. ७६ वजा २३ म्हणजे ५३ डिग्री वर. आता आपल्याकडचा मे धरा, जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, पत्र्याखाली दुपारी ४४ म्हणजे काहीच नाही. ४४ अधिक ५३, झाले ९७. रायझनच्या बऱ्याच प्रोसेसरांची हद्द ९५ असते, तिथं पोचली की चिप जळत नाही पण स्वतःला वाचवायला वेग कमी करते, गेम अडखळतो, आणि मग माझ्याकडं फोन येतो की भाऊ नवीन पीसी हँग होतोय, व्हायरस आला का बघा. व्हायरस नाही हो, वैशाख आलाय.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, पीसी वरच्या खोलीत नकोच. खाली धाब्याखाली ठेवा. मातीचं धाबं दुपारी किती थंड असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. त्याची अडचण एकच, वरून माती गळते, मग कॅबिनेटच्या वर फूटभर अंतर सोडून एक फळी मारा. कॅबिनेटला चिकटून नको, आणि कापडानं तर झाकूच नका. बंद असताना झाका पाहिजे तर.

आणि दुसरं, कापूस. तुमच्याकडं कापूस असेलच, आणि भाव वाढेल म्हणून घरातल्या खोलीत भरून ठेवायची पद्धत आपल्या सगळ्यांचीच. दोन वर्षांपूर्वी एकांनी पीसी आणला, म्हणे आपोआप बंद होतो. उघडला तर प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांवर, गोधडीसारखा घट्ट थर. चिमट्यानं एक टोक धरून ओढलं तर अख्खा चौकोन निघून हातात आला, वरून काळा, आतून अजून पांढराच. विचारलं तर पीसी कापसाच्या खोलीत, ढिगापासून चार हातांवर. पंखा दिवसभर तंतू ओढत होता. हवा जायला जागाच नाही तर थंड काय होणार. वर आगीची भीती वेगळी, कापूस आणि वायरींग एका खोलीत ठेवूच नये. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून पण नको. शेवभाजीच्या फोडणीचा धूर पंख्यावर चिकटला की त्यावर बसलेली धूळ ब्लोअरनं उडत नाही, ब्रशनं खरवडावी लागते. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, आणि मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, भोंवऱ्यासारखा फिरू दिला की बेअरिंग जातं.

कूलरचं बरेच जण विचारतात. कोरड्या उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून कूलर लावला तर खोली चांगली उतरते, पीसीलाही ते बरंच. पण कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर नको. बोअरचं पाणी क्षाराचं, झोताबरोबर बारीक तुषार येतात, वाळले की बोर्डावर पांढरा थर बसतो. आणि पहिला पाऊस पडला की कूलर बंदच, तेव्हा तो नुसता दमटपणा आत ढकलतो.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. लाईट.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ही तक्रार माझ्याकडं आठवड्यातून एकदा तरी येते. धरणगावकडच्या एका घरी गेलो होतो, तिथली आजी कॅबिनेट पुसायलाही तयार नव्हती, म्हणे "हाई डबडं चावस रे भो!" पोरं हसत होती. पण आजीचं बरोबर होतं. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला लाईट पुरवणाऱ्या आतल्या डब्याच्या, आत लाईटमधला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. तो कचरा अर्थमध्ये जावा म्हणून ही सोय. अर्थच नसेल तर बॉडी मधल्यामध्ये लटकते, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी बारीक असतो म्हणून माणूस मरत नाही, नुसता चावतो. पण तोच फरक एचडीएमआयची पिन खोचताना टीव्ही किंवा मॉनिटरच्या पोर्टवर उतरतो आणि पोर्ट मरतं. मग गिऱ्हाईक म्हणतं कार्ड खराब निघालं. कार्डाचा काय दोष?

गावाकडं तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते, किंवा असते ती भिंतीत जाऊन संपते. वायरमनला बोलवा, मल्टीमीटर लावायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या जवळपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. फेज-अर्थला १००-१२० असं काहीतरी तरंगतं रीडिंग आलं तर अर्थ नाही समजा. मीटर कधी कधी कमजोर अर्थलाही पास करतो, म्हणून जाणता वायरमन होल्डरला १०० वॅटचा बल्ब लावून फेज आणि अर्थमध्ये पेटवून बघतो, लख्ख लागला तर अर्थ खरा. हे तुम्ही किंवा पोऱ्यानं करायचं नाही, वायरमननंच. अर्थ नसेल तर अंगणात खड्डा, पाइप, मीठ-कोळसा, दोन-तीन हजारांत काम होतं, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकत जा, कारण जमीन सुकली की अर्थ सुकतो. सोबत आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवून घ्या. ही सगळी कामं पीसी यायच्या आधी. आल्यावर कोणी करत नाही.

दुसरा भाग एसएमपीएस. इथं मी स्वतः खड्ड्यात पडलोय म्हणून सांगतो. माझ्या पहिल्या मशिनला मी स्वस्तातला घेतला होता, डब्यावर ५०० वॅट मोठ्या अक्षरात. सहा महिन्यांत एका रात्री फट् आवाज आला, जाताना मदरबोर्ड पण घेऊन गेला. नंतर लेबल नीट वाचलं तर १२ व्होल्टच्या लाइनला १६ ॲम्पिअर लिहिलेलं. १२ गुणिले १६, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जेवतात ते याच लाइनवर, बाकी आकडा नुसता शोभेचा. तेव्हापासून कोणताही एसएमपीएस हातात आला की मी आधी तो गुणाकार करतो. दुकानात तुम्हीही करा. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), ओळखीच्या कंपनीचा घ्या. यादीत दुकानदार सगळ्यात आधी इथंच कापाकापी करतो, कारण बाहेरून दिसत नाही.

यूपीएस का इन्व्हर्टर, तर ते तुमच्या लाईटवर आहे. गावठाण फिडरवर (गावातल्या घरांच्या वेगळ्या लाइनवर) असाल आणि लाईट दिवसातून एक-दोनदा जात असेल, तर यूपीएस बास. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅट, आत १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी, नुसता गुणाकार केला तर ८४ वॅट-अवर, त्यावर गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून दहाएक मिनिटं. सेव्ह करून बंद करण्यापुरता तो असतो, खेळायला नाही. कार्ड टाकणार असाल तर १००० व्हीएचा बघा. घर मळ्यात असेल, शेजारी मोटारी चालू झाल्या की बल्ब मंद होत असेल, तर कमी व्होल्टेज सांभाळणारा लाइन इंटरॅक्टिव्ह पाहिजेच. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखाच करंट देणारा, आहे का बघा, आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाईट गेल्यावर क्षणभर उशीर होतो आणि पीसी रीस्टार्ट. बॅटरी गरम जागेत ठेवू नका, दर दहा डिग्री वाढीला तिचं आयुष्य निम्मं होतं असा हिशोब आहे, आपल्याकडं तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात का बसते ते यावरून कळेल. मृगाच्या आधी वीज कडकडायला लागली की प्लग आणि लॅनची वायर दोन्ही उपटा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही.

तर इथपर्यंतचा क्रम असा झाला: ॲडमिशन, मग खालची खोली, मग अर्थिंग, मग चांगला एसएमपीएस आणि यूपीएस. यात दहा-बारा हजार जातील आणि पोऱ्याचं तोंड उतरेल, कारण एफपीएस, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं, एकही वाढला नाही.

आता कार्ड. माझा सल्ला, आत्ता घेऊच नका. रायझन ५ ५६००जी किंवा तसा, आत ग्राफिक्स असलेला ६५ वॅटचा प्रोसेसर घ्या. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या, एक १६ ची नको. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं, दोन पट्ट्या असल्या की रस्ता दुहेरी होतो आणि गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट, पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. काचेचं चकचकीत तोंड असलेलं नको, दिसायला भारी पण हवा कुठून येणार. एवढ्यावर व्हॅलोरंट आरामात चालतो, जीटीए ५ सेटिंग कमी करून चालतो. पहिल्या सेमिस्टरचा निकाल बघा आणि मग दिवाळीनंतर किंवा पुढच्या वर्षी कार्ड टाका. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटवर चालतं, त्याला वेगळी पॉवरची वायरही बहुतेक लागत नाही, आपल्या गरमीला सोयीचं. पैसे असले तर ४०६०, ते ११५ वॅट घेतं. मी किमती मुद्दाम लिहीत नाही, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की आठवड्यापूर्वीचं कोटेशन आज चालत नाही. कोटेशन घ्याल त्या दिवशीच ठरवा. आणि पोऱ्या जीटीए ६ साठी घाई करत असेल तर त्याला सांगा, तो गेम जाहीर झालाय पीएस ५ आणि एक्सबॉक्ससाठी, पीसीचं नाव त्यात नाही.

६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर गेममध्ये एफपीएसला ६० वर लगाम घाला. स्क्रीन ६० दाखवते आणि कार्ड १८० काढतंय, तर वरचे १२० म्हणजे नुसती खोलीत सोडलेली गरमी आणि बिल. बिलाचं म्हणाल तर २५० वॅट, रोज तीन तास, पाऊण युनिट झालं. दिवसभर चालणारा कूलर त्याच्या दुपटीहून जास्त खातो, त्याची कोणी तक्रार करत नाही!

कोणी म्हणेल कशाला एवढं, पुण्या-मुंबईच्या ऑफिसातले जुने पीसी १२-१५ हजारांत मिळतात. मिळतात, मीही विकतो. पण इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढचीच घ्या. त्याआधीच्यांना विंडोज ११ अधिकृत चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी नसतील तर उघडतच नाही. लिनक्स टाकून कोडिंगला तो जुना पीसी झकास चालेल, पण मग गेमचं भांडण परत सुरू.

पिंगचं थोडक्यात, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचं. पोऱ्या म्हणेल नेट बदला, पिंग ८० येतो. आपल्यापासून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर धरा, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंदच लागतात. बाकीचा उशीर मधल्या वळणांचा आणि बराचसा घरातला. माझ्याच घरी रोज रात्री नऊला पिंग उसळायचा, मी कंपनीवाल्याशी दोनदा भांडलो, नंतर कळलं की बायकोच्या फोनमधले फोटो त्याच वेळी क्लाउडवर चढायचे. कंपनीवाल्याची माफी मागायची राहिलीच. राउटरपासून पीसीपर्यंत कॅट ६ ची वायर ओढा, वायफायच्या भरवशावर राहू नका, धाब्याच्या दोन हात जाड भिंतीतून वायफाय जात नाही.

आणि पैशांची भीती. तुम्ही पेपरात वाचलं असेल पैसे लावून खेळायच्या ॲपचं, पोरं कर्जात गेली वगैरे. ते वेगळं प्रकरण, ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा होऊन त्यावर बंदी आली, आणि त्यातलं बरंचसं मोबाईलवर चालायचं, त्याला ग्राफिक कार्ड काही लागत नाही. पीसीवरच्या गेममध्ये बंदुकीचा रंग बदलायला पैसे जातात, तेवढ्यासाठी यूपीआयचा पिन त्याला देऊ नका, प्रत्येक वेळी तुमच्याकडं येऊ दे. पीसी बैठकीजवळच्या खोलीत, स्क्रीन दारातून दिसेल अशी ठेवा. दार लावून बसायची सोय वरच्या खोलीत होती, ती मी गरमीचं कारण सांगून आधीच काढून घेतलीय, हे पोऱ्याच्या लक्षात आलं असेल तर तो हुशार आहे, इंजिनिअरिंगला जाऊ द्या.

वायरमन येऊन गेला की न्यूट्रल-अर्थचं रीडिंग किती आलं आणि बल्ब पुरा लागला का मिणमिणला, तेवढं इथं टाका. कार्डाचं त्यानंतर बोलू.